लक्ष नसतानाही चालणारा पैशाचा व्यवहार

एडीएचडी असलेल्या प्रौढांच्या पैशाच्या अडचणी हिशेब न येण्यातून क्वचितच उद्भवतात. टक्केवारी, व्याज, करबचत हे त्यांना समजत असते. त्यांतले कित्येक जण कार्यालयात दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवतात. अडते ते ठरलेल्या दिवशी ठरलेले काम होण्यापाशी. खात्यात पैसे असताना क्रेडिट कार्डाचे बिल थकते. विम्याचे नूतनीकरण राहून जाते. आयकर विवरणपत्राची सगळी कागदपत्रे जमवून ठेवलेली असतात, पण विवरणपत्र भरले जात नाही. ऐपत असूनही दंड भरावा लागणे ही या अडचणीची खूण आहे, आणि तुटपुंज्या उत्पन्नामुळे होणाऱ्या ओढाताणीपासून ती यामुळेच वेगळी ओळखता येते.

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. अवधान टिकवणे, आवेग आवरणे, कामांचा क्रम लावणे आणि सुरू केलेले काम तडीस नेणे या क्षमता त्यात उण्या पडतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले आणि त्यानंतर अनेक दशके हा बालपणाचाच विकार मानला गेला. मोठेपणीही तो टिकतो हे आता मान्य झाले आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार १७ वर्षे किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीत अवधानाच्या अभावाची किंवा अतिचंचलता-आवेगाची किमान ५ लक्षणे असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि त्यांचा त्रास घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी होत असावा लागतो. जगभरात प्रौढांपैकी सुमारे अडीच टक्के लोकांना हा विकार असल्याचे मानले जाते. मुलींमध्ये तो निदानावाचून राहण्याचे प्रमाण जास्त आहे, कारण त्यांच्यात धावपळीपेक्षा हरवलेपण अधिक असते. घरखर्च सांभाळणाऱ्या कितीतरी बायका आयुष्यभर ‘हिच्या हातात पैसा टिकत नाही’ एवढेच ऐकत आलेल्या असतात.

पैशाच्या व्यवहारात हा विकार तीन वाटांनी शिरतो. पहिली वाट स्मृतीची. बिलाचा संदेश फोनवर वाचला, संध्याकाळी भरू असे ठरवले, आणि त्यावर आणखी दहा संदेश येऊन पडले की ते बिल मनातून पुसले जाते. नजरेआड गेलेली गोष्ट या मेंदूसाठी जवळजवळ नसल्यासारखीच असते. दुसरी वाट काळाच्या भानाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी स्वनियंत्रण आणि काळाचे भान या विकाराच्या गाभ्याशी असल्याचे सातत्याने मांडले आहे. एडीएचडीत काळाचे जणू दोनच भाग पडतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. पुढच्या आठवड्यातला हप्ता आणि वीस वर्षांनंतरची निवृत्ती दोन्ही ‘नंतर’मध्येच जमा होतात. तिसरी वाट बक्षिसाची. मेंदूतील डोपामाइनच्या कार्यातल्या फरकामुळे लगेच मिळणारी छोटी गोष्ट उशिरा मिळणाऱ्या मोठ्या गोष्टीपेक्षा फारच ओढून घेते. कंटाळवाण्या संध्याकाळी केलेली ऑनलाइन खरेदी बऱ्याचदा वस्तूसाठी नसतेच. ती मागवण्याच्या क्षणी मिळणाऱ्या उभारीसाठी असते. म्हणून पार्सल आठ दिवस न उघडता पडून राहते.

या तिन्हींत आळस नाही, बेफिकिरीही नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला तेच दिसते, आणि लहानपणापासून ‘धांदरट’, ‘उधळ्या’ हेच ऐकलेल्या माणसालाही पुढे तसेच वाटू लागते. मग चौथी आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट सुरू होते: लाज. एक हप्ता चुकतो. बँकेचा संदेश उघडायचीच भीती वाटते. न उघडल्यामुळे दुसरा चुकतो. घरी सांगितले जात नाही. दंडावर व्याज आणि व्याजावर व्याज चढत जाते. विसरण्यामुळे झालेले नुकसान बहुधा काही शे रुपयांचे असते. लपवण्यामुळे ते लाखांवर जाते.

स्वीडनमध्ये या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला आहे. सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्यासाठी १ कोटी १५ लाखांहून अधिक लोकांच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी आणि १ लाख ८९ हजारांवर लोकांच्या कर्जांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एडीएचडी असलेली माणसे प्रौढपणाच्या सुरुवातीला इतरांसारखीच कर्जे घेतात आणि इतरांसारखीच फेडतात, असे त्यात दिसले. मात्र मध्यम वयात त्यांचे कर्ज थकण्याचे प्रमाण झपाट्याने वाढत जाते, पत घसरते आणि गरज असताना कर्ज मिळेनासे होते. उत्पन्न, शिक्षण आणि इतर मानसिक आजार लक्षात घेऊनही हा फरक उरला. एडीएचडी असलेल्यांपैकी आर्थिक संकटात सापडलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका चौपट आढळला. एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांचा आर्थिक वर्तन सुधारण्याशी संबंध मात्र आढळला नाही.

यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. ती लक्ष टिकवायला मदत करतात आणि डॉक्टरांनी दिली असतील तर घ्यावीतच. पण गोळी घेतल्याने कार्डाचे बिल आपोआप भरले जात नाही. ‘नीट लक्ष दे’, ‘अंथरूण पाहून पाय पसर’ या उपदेशानेही नाही. रोजचा खर्च वहीत लिहून ठेवण्याचा सर्वांत लोकप्रिय सल्ला तर या लोकांच्या बाबतीत उलटा बसतो. वही उत्साहाने सुरू होते, पाचव्या-सहाव्या दिवशी खंड पडतो, आणि अर्धवट वही पाहून आपल्याला काहीच जमत नाही ही समजूत आणखी घट्ट होते. जे काम रोज लक्ष मागते ते या मेंदूवर सोपवू नये. एकदाच लक्ष देऊन अशी घडी बसवावी की पुढे लक्ष नसले तरी व्यवहार चालू राहावा. पुढची सगळी व्यवस्था याच एका तत्त्वावर उभी आहे.

घडी बसवायची सुरुवात खात्यांपासून होते. एकाच खात्यात पगार, हप्ते आणि रोजचा खर्च असेल तर शिल्लक पाहून काहीच उमगत नाही. ७ तारखेला खात्यात ४० हजार दिसतात. त्यातले २८ हजार घराच्या हप्त्याचे, विम्याचे आणि भाड्याचे आहेत हे मनात धरून ठेवावे लागते, आणि नेमके तेच जमत नाही. म्हणून दोन बँकांत दोन खाती असावीत. पहिल्यात पगार यावा आणि सर्व ठरलेली देणी तिथूनच आपोआप जावीत. या खात्याला यूपीआय जोडू नये आणि त्याचे डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नये. दुसरे खाते खर्चाचे. पहिल्यातून दुसऱ्यात दर आठवड्याला ठरावीक रक्कम जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवावी. महिन्याची रक्कम एकदम टाकण्यापेक्षा आठवड्याची बरी, कारण महिना या लोकांना फार लांब पडतो. सोमवारी ४ हजार आले आणि शुक्रवारी ३०० उरले, तर काटकसर दोनच दिवसांची असते आणि ती जमते. दुसऱ्या खात्यात किमान शिल्लक न राहिल्याचा दंड बसू नये म्हणून ते मूलभूत बचत खाते असल्यास उत्तम. त्याला किमान शिलकीची अट नसते.

आपोआप जाणाऱ्या देण्यांसाठी आज चांगली सोय आहे. घराचे आणि वाहनाचे हप्ते, एसआयपी, विम्याचे हप्ते आणि कार्डाचे बिल हे सगळे खात्यातून परस्पर जाऊ शकते. यूपीआयवर ही सोय २०२० पासून आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड किंवा यूपीआयवरून अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. १५ हजार रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी द्यावा लागत नाही. म्युच्युअल फंड, विमा आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. सर्व तारखा पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत आणाव्यात. क्रेडिट कार्डाच्या बिलाचे चक्र ग्राहकाला किमान एकदा बदलून मिळाले पाहिजे असा नियम आहे, त्याचा उपयोग करावा. मात्र पहिल्या खात्यात पुरेसे पैसे हवेत. आपोआप जाणारा हप्ता परत फिरला तर दोन्ही बाजूंचा दंड बसतो. शिवाय न वटलेल्या चेकप्रमाणेच हाही गुन्हा ठरू शकतो, कारण २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात त्यासाठी २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून एका महिन्याच्या देण्यांएवढी रक्कम त्या खात्यात कायमची मुरवून ठेवावी आणि तिला शिल्लक समजूच नये.

आपोआप न जाणारी देणी संख्येने थोडी पण चिवट असतात. महावितरणच्या बिलावर उशीर झाला तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. महापालिकेच्या मालमत्ता करावर मुदतीनंतर दरमहा २ टक्के शास्ती बसते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेच्या कुठल्याही ठेवीपेक्षा ही रक्कम वेगाने वाढते. यांतले जे शक्य असेल ते यूपीआयच्या स्वयंचलित सोयीवर टाकावे. वार्षिक करासाठी बिल हातात पडलेल्या दिवशीच पैसे भरण्याची सवय सर्वांत खात्रीची. ‘शेवटच्या तारखेपर्यंत वेळ आहे’ हे वाक्य एडीएचडीत धोक्याचे आहे.

क्रेडिट कार्डाविषयी सविस्तर सांगावे लागते, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. बिलावर दोन आकडे असतात: पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. किमान रक्कम साधारण ५ टक्के असते आणि ती भरली की सारे मिटले असे वाटते. समजा ५० हजार थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, एकूण २,०६५. किमान रक्कम २,५०० भरली तर मूळ कर्जातून फक्त ४३५ रुपये कमी होतात. वार्षिक हिशेबाने हा दर ४२ टक्के पडतो. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण बिल भरले नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या किराण्यावरही त्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर ती मुदत मुळातच नसते. म्हणून स्वयंचलित भरणा लावताना ‘किमान रक्कम’ हा पर्याय कधीही निवडू नये, नेहमी ‘पूर्ण रक्कम’ निवडावी. बिल चुकले असे ध्यानात आले तर ताबडतोब भरावे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून पतमाहिती कंपन्यांना कळवताही येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्यांचे कार्ड वारंवार थकते त्यांनी बक्षीस-गुणांचा मोह सोडून ते बंद करावे. अर्ज केल्यावर कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यावे लागतात, मात्र कार्डावर थकबाकी नसावी.

आवेगाने होणाऱ्या खर्चावर निर्धाराचा इलाज फारसा चालत नाही. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये अडथळे उभे करणे हा खरा इलाज आहे. पूर्वी दुकानात जावे लागे, पैसे मोजावे लागत, दुकानदार ओळखीचा असे. या सगळ्यात मधे वेळ जात असे. आता दहा मिनिटांत वस्तू दारात येते. अडथळा पुन्हा हाताने घालावा लागतो. खरेदीच्या ॲपमध्ये जतन केलेली कार्डे काढून टाकावीत. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात, त्यांची मर्यादाही ठरवता येते. ही सोय २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. लागेल तेव्हा सुरू करण्यात जी दोन मिनिटे जातात त्यांतच अनेक खरेद्या विरून जातात. सवलतींच्या सूचना फोनवर बंद कराव्यात. ‘फक्त १० मिनिटे उरली’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, सुरू करायला सोपे आणि बंद करायला कठीण सदस्यत्व या क्लृप्त्यांना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवले आहे. त्या यादीत असे १३ प्रकार आहेत. साध्या माणसालाही फसवणाऱ्या या युक्त्या आवेगी मेंदूला हमखास गाठतात, हे लक्षात ठेवून जिथे घड्याळ उलटे मोजताना दिसेल तिथे खरेदी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट उपयोगी पडते. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५ हजार रुपये ठेवता येतात आणि एक व्यवहार हजार रुपयांपर्यंतचा होतो. चहा, रिक्षा, भाजी यांसाठी आठवड्याची रक्कम त्यात टाकली की ती संपल्याचे स्वतःच कळते. मात्र रक्कम कमी होताच आपोआप भरणारी जी सोय त्यात आहे ती बंदच ठेवावी. ती चालू असेल तर मर्यादेचा सारा उपयोग नाहीसा होतो. ज्यांना नोटा हातात असल्याशिवाय पैशाचे भान येत नाही त्यांनी आठवड्याची रोख पाकिटांत विभागून ठेवण्याची जुनी रीत निःसंकोच वापरावी.

बचतीच्या बाबतीत सहज हाती न येणारा पैसा हाच टिकणारा पैसा ठरतो. इतरांना पीपीएफची १५ वर्षांची मुदत ही अडचण वाटते. एडीएचडीत ते त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात आणि राहून गेले तर दंड वर्षाला केवळ ५० रुपये. नोकरदारांचा भविष्य निर्वाह निधी त्याहूनही चांगला, कारण तो हातात येण्याआधीच कापला जातो. पण इथे एक खड्डा आहे. एडीएचडीत नोकऱ्या वरचेवर बदलल्या जातात, आणि प्रत्येक वेळी निधी काढून घेण्याचा मोह होतो. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही मोडते. निधी नव्या नोकरीत वर्ग केला तर जुनी सेवा धरली जाते.

महाराष्ट्राच्या छोट्या गावांत आणि बाजारपेठांत पिग्मीची पद्धत अजून चालते. प्रतिनिधी रोज दुकानात येऊन थोडी रक्कम घेऊन जातो. उडुपीच्या बँकेने १९२८ साली दोन आण्यांपासून सुरू केलेली ही योजना एडीएचडी असलेल्या दुकानदाराला किंवा कारागिराला जणू मापाने बेतल्यासारखी आहे: लक्षात ठेवायचे काहीच नाही, माणूस स्वतः येतो. महिला बचत गटाची महिन्याची बैठकही तेच काम करते. चार जणींसमोर पैसे द्यायचे असतात म्हणून ते दिले जातात. सावधगिरी एकच. पतसंस्थेतील ठेवींना बँकेतल्यासारखे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते, आणि खासगी भिशीला तर कोणाचाच आधार नसतो. म्हणून पिग्मीची रक्कम वर्षाअखेरी उचलून बँकेत न्यावी.

विम्यात विसरणे सर्वांत महाग पडते. वार्षिक हप्त्याला साधारण ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर आरोग्य विमा बंद पडला तर नव्या विम्यात आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, जो तीन वर्षांपर्यंत असू शकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. ज्यांना परवडते त्यांनी दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरावा. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो; तरी बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च पॉलिसीत धरला आहे का हे पाहून घ्यावे. आयकरातील अपंगत्वाच्या वजावटीवर मात्र भिस्त ठेवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचे नाव नाही.

पगारदाराचे विवरणपत्र साधारणतः ३१ जुलैपर्यंत भरायचे असते. चुकल्यास उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर हजार आणि त्यावर असेल तर ५ हजार रुपये शुल्क पडते. हे काम सरळ करसल्लागाराकडे द्यावे. त्याची फी बहुधा दंडापेक्षा कमी असते, आणि तो फोन करून मागे लागतो ही त्यातली खरी किमतीची गोष्ट आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांची कसोटी जास्त कठीण, कारण त्यांच्या वर्षात तारखा जास्त. आगाऊ कराच्या चार तारखा असतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंते अशा ठरावीक व्यावसायिकांना मर्यादेतील उत्पन्नावर अनुमानित कराची योजना घेता येते आणि मग १५ मार्च ही एकच तारीख उरते. तारखा कमी होतात एवढ्यासाठीसुद्धा ती घ्यावी. जीएसटी नोंदणी असेल तर व्यवहार शून्य असतानाही विवरणपत्र द्यावे लागते आणि न दिल्यास रोज २० रुपये लागत राहतात. गरज नसताना उत्साहात केलेली नोंदणी रद्द करून टाकावी. ग्राहकाकडून पैसे आले की त्याच दिवशी कराचा अंदाजी भाग वेगळ्या खात्यात टाकावा.

नव्या विषयात पूर्ण बुडून जाणे हे एडीएचडीचे दुसरे टोक. त्यातूनच महागडे कॅमेरे, वाद्ये, दुचाकीचे सुटे भाग आणि अर्धवट राहिलेले अभ्यासक्रम घरात जमा होतात. उसने आणून किंवा भाड्याने घेऊन सुरुवात करावी, एवढे यावर पुरते. शेअर बाजारातील वायदे व्यवहार मात्र खरे भयंकर. तिथे क्षणाक्षणाला उत्तेजना आहे आणि हातात फोन आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावल्याचे आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक असल्याचे आढळले. एडीएचडी असलेल्याने या व्यवहारांची परवानगी आपल्या ट्रेडिंग खात्यातून बंद करून टाकावी. यात मध्यम मार्ग नाही.

विसरलेला पैसाही शोधता येतो. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी ती मालकाला परत मिळते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या सोयीवर अनेक बँकांतील अशा ठेवी एकत्र शोधता येतात. पतगुणांकाचा अहवालही मोफत मिळतो, देशातील चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असा एकेका कंपनीचा मागवला तर वर्षभर नजर राहते आणि विसरलेले एखादे कार्ड किंवा छोटे कर्ज वेळेत सापडते.

कर्ज आधीच साचले असेल तर सगळी देणी एका कागदावर उतरवणे हे पहिले काम. ते एकट्याने होत नाही. कोणीतरी शेजारी बसलेले असले की एडीएचडी असलेल्या माणसाचे काम आश्चर्यकारक रीतीने पुढे सरकते, मग त्या माणसाने आपले पुस्तक वाचत बसले तरी चालते. बहीण, मित्र, जोडीदार, कोणीही चालेल; टीका न करणारे हवे एवढीच अट. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या वैयक्तिक किंवा सोने तारण कर्जात वळवणे फायद्याचे असते, पण त्याच दिवशी कार्ड बंद केले नाही तर काही महिन्यांत दोन्ही कर्जे डोक्यावर येतात. हप्ता जमणार नाही हे कळताच, तारीख उलटण्याआधी बँकेशी बोलावे. तडजोडीने कमी रक्कम भरून कर्ज मिटवले तर पत अहवालात तशी नोंद राहते. शक्य असेल तर पूर्ण रक्कम फेडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. वसुली प्रतिनिधीला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याची मुभा नाही.

घरच्यांनी पोलीस होऊ नये, तिजोरीचे मालकही होऊ नये. सगळा पैसा काढून घेतला तर माणूस परावलंबी होतो आणि लपवणे वाढते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस-पंचवीस मिनिटे दोघांनी खाती एकत्र पाहावीत. त्या वेळेबाहेर पैशावरून बोलणी नकोत. ज्यांना अधिक आधार हवा त्यांच्यासाठी यूपीआय सर्कल ही सोय आहे. तीत जोडीदाराच्या खात्यातून महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजारांपर्यंत खर्च करता येतो, किंवा प्रत्येक व्यवहाराला जोडीदाराची मान्यता घेता येते. ही सोय दोघांच्या संमतीने आणि ठरावीक काळासाठी वापरावी.

रील पाहून स्वतःचे निदान करू नये. उन्माद-अवसादाच्या आजारातही उधळपट्टी होते आणि त्या आजाराचे उपचार वेगळे असतात. चिंता, नैराश्य, थायरॉइडचे विकार आणि अपुरी झोप यांनीही लक्ष उडते. निदान मानसोपचारतज्ज्ञाने करायचे असते. पैशाच्या ओझ्याखाली जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर खाती आणि हप्ते बाजूला ठेवून आधी बोलावे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.